वीस वर्षांची गाडी आणि तीस दिवसांची मुदत

आयर्लंडच्या नकाशावर अंदाजाने मधोमध बोट ठेवलं, तर ते बहुधा ॲथलोनवर पडतं. शॅनन नदी गावाच्या मधून वाहते. गाव वेस्टमीथ काउंटीत, पण पश्चिमेकडची थोडी वस्ती रॉसकॉमन काउंटीत मोडते. पूर्वेला डब्लिन साधारण सव्वाशे किलोमीटर, पश्चिमेला गॉलवे नव्वद. रेल्वे आहे, बसही आहेत. पण रात्रपाळीला जायचं असेल, मुलीला कॅम्पवर सोडायचं असेल किंवा गॉलवेहून डाळ-तांदूळ आणायचे असतील, तर गाडीवाचून पान हलत नाही. आमच्या घरी एकच गाडी आहे. तिचं वय आहे वीस वर्षांच्या वर.

आपल्याकडे गाडीचं वय विचारावं लागतं, इथे ते नंबर प्लेटवरच लिहिलेलं असतं. पहिले आकडे नोंदणीच्या वर्षाचे, मग काउंटीची अक्षरं, मग क्रमांक. आमच्या प्लेटवर सुरुवातीलाच '०४' आहे. म्हणजे सिग्नलला उभं राहिलं की मागच्या माणसाला आमच्या गाडीची जन्मतारीख पाठ होते! (२०१३ पासून वर्षाचे दोन भाग करून १३१, १३२ असे आकडे आले.)

गाडी आहे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, पहिल्या पिढीतली. दिसायला साधी सेडान. मागची डिक्की मात्र काचेसकट वर उघडते. बॉनेटखाली १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरना मिळून वीस व्हॉल्व्ह, १८० अश्वशक्ती. कागदावर वेग ताशी २३५ किलोमीटर. इथल्या मोटरवेवर मर्यादा १२० ची, आणि फेब्रुवारी २०२५ पासून खेड्यापाड्यांतल्या लहान रस्त्यांवर ८० ची ६० झाली. तेव्हा '२३५'चा उपयोग फक्त मित्रांना सांगण्यापुरता.

मग हीच गाडी का? मी छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा. २००१ मध्ये शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली, तेव्हा मी कॉलेजात होतो. जालना रोडवर ती दिसली की आम्ही सायकली थांबवून बघायचो. पुढे आरएस भारतातही आली, १५० अश्वशक्तीची. माझे बाबा चिकलठाणा एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. घरी बजाज चेतक. चारचाकी आमच्या घरात कधी आली नाही. त्यामुळे ॲथलोनमध्ये आल्यावर एका निवृत्त गृहस्थांनी ही गाडी विकायला काढली, आणि सोबत पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसच्या बिलांची जाडजूड फाइल दिली, तेव्हा मी फार घासाघीस केली नाही.

अशा गाडीला इंग्रजीत 'परफॉर्मन्स सेडान' म्हणतात. नेहमीच्या कुटुंबाच्या गाडीत जोरकस इंजिन, मोठे ब्रेक आणि कडक सस्पेन्शन बसवलेलं असतं. नवी असताना मजा देते. जुनी झाली की हेच सगळे भाग साध्या गाडीपेक्षा जास्त लक्ष मागतात. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला थंडावा देतं ते इंजिनाचं तेल. तेल जळकट झालं तर टर्बोचे दिवस भरले. कडक सस्पेन्शनमुळे प्रत्येक खड्ड्याचा दणका रबरी बुशांवर जातो. पुढच्या ब्रेकच्या डिस्क ३१२ मिलिमीटरच्या, साध्या ऑक्टाव्हियापेक्षा मोठ्या. म्हणजे दुकानात 'ऑक्टाव्हियाची डिस्क द्या' म्हणून भागत नाही.

आणि इथला खरा शत्रू म्हणजे मीठ. हिवाळ्यात रस्ते गोठू नयेत म्हणून कौन्सिलच्या गाड्या रात्री मीठ पसरत जातात. रस्ता सुरक्षित होतो, पण ते खारं पाणी गाडीच्या पोटाला चिकटतं. आपल्याकडे कोकणातली गाडी आणि मराठवाड्यातली गाडी शेजारी उभी केली की जो फरक दिसतो, तोच. मराठवाड्यातल्या गाडीचं रबर उन्हाने तडकतं, इथल्या गाडीचं लोखंड गंजाने जातं.

जुन्या गाडीचं काय खरं आणि काय खोटं, याचा निवाडा इथे एनसीटी करते. नॅशनल कार टेस्ट, २००० सालापासून सुरू आहे. गाडी चार वर्षांची झाली की पहिली तपासणी, मग दर दोन वर्षांनी, आणि दहा वर्षांनंतर दरवर्षी. ॲथलोनमध्येही केंद्र आहे. ब्रेक रोलरवर तपासतात, धूर मोजतात, हेडलाइटचा कोन बघतात, सस्पेन्शन हलवतात, गाडीच्या खाली उतरून टॉर्चने पाइप न पाइप बघतात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. नापास झालात तर दुरुस्ती करून तीस दिवसांच्या आत फेरतपासणी पूर्ण करायची, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून पूर्ण परीक्षा आणि पूर्ण फी.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यामुळे 'दरवर्षी परीक्षा' हे ऐकून बाबांना आश्चर्य वाटलं. "म्हणजे म्हाताऱ्या माणसासारखंच झालं की. साठीनंतर दरवर्षी रक्त तपासायचं," ते म्हणाले.

बाबा २०२४ च्या सप्टेंबरात नव्वद दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच मोठी फेरी. पहिल्या आठवड्यात त्यांनी शॅननच्या काठी फिरून घेतलं, किल्ला पाहिला, नदीवरच्या नव्या सायकल-पुलावरून चार वेळा इकडून तिकडे गेले. दुसऱ्या आठवड्यापासून करमेना. एक दिवस दुकानातून येताना गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "डाव्या चाकापाशी आवाज करू राहिली रे ही. स्पीड ब्रेकरवर 'टक्' होतंय. बुश गेलाय."

ऑक्टोबरमध्ये एनसीटी झाली. गाडी नापास. कारणं तीन. डाव्या लोअर आर्मचा बुश फाटलेला. पुढच्या लिंक रॉडमध्ये ढिलाई. आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे दोन्ही पाइप गंजलेले. रिपोर्ट वाचून बाबा फक्त पहिल्या ओळीपाशी थांबले आणि चष्मा पुसत म्हणाले, "सांगितलं होतं."

इथल्या एका लहान गॅरेजच्या मेकॅनिकने गाडी उचलून पाहिली. नापास झालेल्या कामांचे त्याने ६४० युरो सांगितले. मग फाइल चाळली आणि म्हणाला, टायमिंग बेल्टचीही वेळ भरत आलीय. तो, टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून आणखी ५२०. एकूण ११६०. बाजारात ही गाडी विकली असती तर फार तर दीड हजार आले असते. शिवाय रोड टॅक्स वर्षाला ६३६ युरो, कारण जुलै २००८ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना इथे इंजिनाच्या आकारावर कर लागतो, आणि त्यानंतरच्यांना धुरावर. नव्या गाडीचा कर याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण अशाच प्रसंगासाठी असावी.

रात्री जेवणं झाल्यावर घरात चर्चा झाली. माझी बायको नर्स आहे. तिचं हॉस्पिटल बॅलिनास्लोला, साधारण पंचवीस किलोमीटरवर. आठवड्यातून तीन-चार रात्री ती एकटी जाते-येते. ती शांतपणे म्हणाली, "तुला हौस म्हणून ठेवायची असेल तर माझी हरकत नाही. पण मग मी तिच्यातून ड्यूटीला जाणार नाही. आणि मी जायचं असेल, तर ब्रेक दाबल्यावर ती थांबेल याची मला खात्री हवी. पास झाल्याचा कागद मला पुरणार नाही."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. कारण प्रश्न तिने बरोबर जागी आणून ठेवला होता. ही गाडी किती किमतीची, हा हिशेब नव्हताच. डिसेंबरातल्या रात्री तीन वाजता माझं माणूस तिच्यातून घरी येणार का, एवढाच होता.

बाबांनी कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या. गाडी थांबते कशाने, वळते कशाने, चालते कशाने, पळते कशाने. "याच क्रमाने पैसे घालायचे," म्हणाले. "पहिल्या दोनांत काटकसर नाही. तिसऱ्यात वेळ बघायची. चौथं परवडलं तर." पुढे त्या कागदावर आम्ही जे काम केलं ते असं.

थांबणं. मागचे ब्रेक पाइप पूर्ण बदलले. जुने स्टीलचे होते, नवे तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे टाकले. ते वाकवायला सोपे, आणि मिठाला दाद देत नाहीत. फक्त गंजलेला तुकडा कापून जोड मारण्याचा पर्याय होता. बाबांनी तो ऐकूनही घेतला नाही. सोबत ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल धरलेलं ऑइल तापलं की उकळून पेडल खाली जातं. मोठ्या उतारावर ज्याने हा अनुभव घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. डिस्क आणि पॅड मोजले, अजून आयुष्य होतं, तसेच ठेवले.

वळणं. एकच बुश फाटला होता तरी दोन्ही बाजूंचे आर्म बदलले, लिंक रॉडही जोडीने. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली की गाडी एकीकडे ओढते. इथे बाबांचा आणि मेकॅनिकचा एक छान संवाद झाला. गाडी लिफ्टवर असताना मेकॅनिकच्या हाताखालच्या पोराने बुशचा बोल्ट पूर्ण आवळायला घेतला. बाबांनी हातानेच 'थांब' अशी खूण केली. मग दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून पिळून दाखवल्या. चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरवल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळ द्यायचा. मेकॅनिक हसला, पोराकडे बघून म्हणाला, "मी हेच सांगणार होतो, पण यांना इंग्रजी न बोलता जमलं." त्यानंतर बाबांना त्या गॅरेजात रोज चहा मिळू लागला. इकडचा चहा, दूध वरून घातलेला. पण त्यांनी तक्रार केली नाही.

चालणं. टायमिंग बेल्ट. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि एका रबरी पट्ट्यापायी इंजिन हातचं जातं. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसाच वर्षांनीही म्हातारा होतो. गाडी कमी चालली म्हणून तो तरुण राहत नाही. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. त्यामुळे बेल्ट, टेन्शनर, रोलर, पंप, थर्मोस्टॅट आणि कूलंट हे सगळं एकाच वेळी करावं. सुटे भाग स्वस्त असतात, खर्च असतो तो उघडण्या-जोडण्याच्या मजुरीचा. ती दोनदा कशाला द्यायची?

पळणं. टर्बोकडे जाणारे रबरी होज तपासले. एकाला बारीक चीर होती, वेग वाढवताना 'फुस्स' आवाज यायचा. साबणाच्या पाण्याचा फेस लावला की चीर लगेच सापडते, पंक्चरवाला बादलीत ट्यूब बुडवतो तसंच. होज बदलला. बाकी फक्त तेल आणि फिल्टर. तेल मात्र मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच. थंड हवेत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या की इंजिन पुरतं तापत नाही, तेलात पाणी आणि पेट्रोल मिसळतं. म्हणून आम्ही तेल सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदलतो, आणि आठवड्यातून एकदा गाडी गॉलवेच्या मोटरवेवर नीट तापवून आणतो. आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं, मग चावी काढायची. टर्बोला धाप टाकायला तेवढा वेळ लागतो.

सुटे भाग मिळवणं हा इथला एक वेगळाच उद्योग आहे. पूर्वी इंग्लंडहून सगळं दोन दिवसांत यायचं. १ जानेवारी २०२१ पासून ब्रेक्झिटमुळे तिथून येणाऱ्या मालावर कस्टम्सचे कागद आणि कर आले. आता बहुतेक लोक जर्मनी किंवा पोलंडहून मागवतात. युरोपियन युनियनच्या आतलं असल्याने दारात वेगळा कर नाही. मागवताना मॉडेलच्या नावावर विसंबू नये. चासी नंबर द्यावा. या गाड्यांच्या डिक्कीत, स्टेपनीच्या आसपास, एक कागदी स्टिकर असतं. त्यावर गाडी कुठल्या ब्रेकसह, कुठल्या सस्पेन्शनसह बाहेर पडली याचे कोड असतात. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की अर्धी कटकट वाचते.

काही गोष्टी नव्या घ्यायची गरज नसते. दाराचं हँडल, आरशाची काच, सीटचं बटण यासाठी इथे ब्रेकर्स यार्ड असतात, म्हणजे आपला कुर्ल्याचा भंगार बाजारच, फक्त रांगेत लावलेला. पण ब्रेक, बुश, बेल्ट, टायर हे तिथून कधीच नाही. दुसऱ्याच्या गाडीत झिजलेलं आपल्या गाडीत घालण्यात कसली बचत?

या सगळ्यात मला वाटलं होतं की बाबांना निदान हौसेचं सुख मिळेल. मिळालंच. पण एका संध्याकाळी गॅरेजवरून परतताना ते म्हणाले, "रिटायर झाल्यापासून कोणी मला काही विचारलं नव्हतं रे. औषध घेतलं का, एवढंच विचारतात." मी गाडी चालवत होतो, काहीच बोललो नाही. पुढच्या स्पीड ब्रेकरवर गाडी बिनआवाज गेली, आणि दोघांनीही ते ऐकलं.

फेरतपासणी पंचविसाव्या दिवशी झाली. पास. त्या रात्री बायको ड्यूटीला निघाली तेव्हा बाबा बाहेर येऊन उभे राहिले. तिने अंगणातच दोनदा ब्रेक दाबून पाहिला, मान हलवली आणि गेली. तिच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

आता अनेक जण विचारतात, किती वर्षं ओढणार? पर्यावरणाचं काय? प्रश्न योग्य आहे. नवी इलेक्ट्रिक गाडी धूर सोडत नाही, हे खरंच. पण चांगल्या स्थितीतली गाडी फक्त जुनी म्हणून मोडायची, हेही मनाला पटत नाही. आमचं धावणं वर्षाला बेताचं. कर्ज काढून नवी घेण्यापेक्षा मुलीचं कॉलेज आधी, असा आमचा हिशेब आहे. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी ती अधिकृत केंद्रात जाईल. युरोपात गाडी तिथे मोफत जमा करता येते, नष्ट केल्याचा दाखला मिळतो, आणि २०१५ पासून वजनाने ९५ टक्के भाग पुन्हा कामी आणण्याचं बंधन आहे.

मर्यादा मात्र ठरलेली आहे, आणि ती बाबांनी ठरवून दिलीय. बुश बदलता येतो, पंप बदलता येतो, एकवेळ टर्बोही बदलता येतो. पण दारांखालचे उंबरे आणि सस्पेन्शन जिथे जोडलंय तो सांगाडा गंजला, की ती गाडी संपली. वरून रंग लावून ती चांगली दिसेल, पण अपघातात वाचवणार नाही. परतीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खाली बसवलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने उंबऱ्यावर टकटक करून दाखवलं. भरीव पत्र्याचा आवाज वेगळा, आतून पोखरलेल्याचा वेगळा.

"दर हिवाळ्यानंतर खालून धुवायची, मेण मारायचं, आणि हे वाजवून बघायचं," ते म्हणाले. "आवाज बदलला की मोह धरायचा नाही. सूनबाई रात्री हिच्यातून येते."

या वर्षी मार्चमध्ये मीठ पसरणं थांबल्यावर मी गाडी खालून धुतली, मेणाचा थर दिला आणि फोन लावून उंबऱ्याजवळ धरला. चार ठिकाणी वाजवलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "मागचं उजवं परत वाजव." वाजवलं.

"हां, ठीक आहे. अजून एक वर्ष."